शिवण शाबूत, साडी फाटली

डिसेंबरातली सकाळ. महात्मा फुले मंडईबाहेर रिक्षात चढताना वहिनींच्या हातातल्या पिशवीचा तळ सुटला. दोन किलो मटार आणि किलोभर गाजरं रस्त्यावर आली. रिक्षावाल्याने खाली उतरून मटार गोळा करायला मदत केली, वर "काकू, प्लास्टिकची बरी" असंही ऐकवलं. ती पिशवी माझ्या देखरेखीखाली शिवली होती. तशाच आणखी आठ पिशव्या तयार होऊन वहिनींच्या पलंगावर होत्या आणि संक्रांतीला महिना उरला होता.

वहिनी म्हणजे आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या शेजारीण. त्यांच्या सासूबाई आदल्या वर्षी गेल्या. दिवाळीच्या साफसफाईत आजींची ट्रंक उघडली, तर वर डांबराच्या गोळ्या आणि खाली चौदा साड्या: चार सुती नऊवारी, दोन इरकली, तीन रेशमी, पाच सिंथेटिक. बोहारणीला द्यायला मन होईना आणि नेसणारं घरात कोणी नाही. त्याच सुमारास हळदीकुंकवाला काय लुटायचं ही चर्चा चालू होती. आदल्या वर्षी प्लास्टिकचे डबे लुटले होते आणि त्यावरून मुलीने आईला बोलून घेतलं होतं. मग वहिनींनी ठरवलं, आजींच्या साड्यांच्या पिशव्या करायच्या, एक्कावन्न. मी घरी शिवण शिकवते, म्हणून माझ्याकडे आल्या. बाजारात "कापडी" म्हणून मिळणाऱ्या त्या पातळ रंगीत नॉन-वोव्हन पिशव्यासुद्धा पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात, हे त्यांना माझ्याकडूनच कळलं. तेव्हा उत्साहात भर घालण्यात माझा वाटा होता. पहिली साडी निवडण्यातही होताच.

पहिली साडी

मी रेशमी निवडली. गर्द जांभळी, हिरव्या काठाची. कारण सरळ होतं, ती सगळ्यांत देखणी होती. शिवाय एक युक्ती डोक्यात बसली होती. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच. तो मधोमध दुमडला की दोन्ही काठ आपोआप पिशवीच्या तोंडाशी येतात. वर दुमड घालायला नको, काठच तोंडाची पट्टी होतो. बाजूला दोन टिपा आणि वर दोन बंद, झाली पिशवी. सोळा-सोळा इंचाचे तुकडे पाडले. पदराकडचा आणि विरलेला भाग सोडून नऊ निघाले. एका दुपारी नऊ पिशव्या शिवूनही झाल्या आणि आम्ही दोघी स्वतःवर खूश होतो.

मंडईतून फाटकी पिशवी आली तेव्हा ती मी खिडकीपाशी टेबलावर पसरली. बाजूच्या टिपा जशाच्या तशा. बंदाची शिवण घट्ट. तळाला मजबुतीसाठी म्हणून मी आडव्या दोन टिपा मारल्या होत्या, त्यांतलाही एक टाका सुटलेला नव्हता. कापड गेलं होतं ते त्या टिपेला अगदी चिकटून, सरळ रेघेत, पोस्टाचं तिकीट भोकांवरून फाडावं तसं. बोटाने आणखी थोडं ओढलं तर पुढेही फाटत गेलं. आवाजसुद्धा नाही.

कारणं एकापेक्षा जास्त होती आणि सगळी एकाच रेघेवर येऊन बसली होती.

साडीची घडी आठवा. आपण आधी पन्हा मधोमध दुमडतो, मग पुन्हा. ही साडी ट्रंकेत वर्षानुवर्षं त्याच घडीत होती. रेशीम एकाच मोडीवर पडून राहिलं की तिथला धागा तुटायला लागतो. वरून काही दिसत नाही, उजेडासमोर धरलं की बारीक चिरा दिसतात. मी पन्हा मधोमध दुमडून पिशवी केली, म्हणजे साडीची सगळ्यांत जुनी मोड नेमकी पिशवीच्या तळाशी आणून ठेवली. त्या मोडीवर मजबुतीची टीप मारली, तीही इंचाला पंधरा टाक्यांची. जितके टाके तितकी भोकं. आधीच चिरलेल्या रेघेवर मी सुईने भोकांची रांग पाडली होती. दोराही स्पन पॉलिस्टरचा, त्या रेशमापेक्षा कितीतरी दणकट. दोरा कापडापेक्षा मजबूत असला की ताण आल्यावर कापड फाटतं, दोरा राहतो. उलटं झालं तर निदान उसवतं आणि पुन्हा शिवता येतं.

चौथी गोष्ट उभ्या-आडव्या धाग्याची. साडीत उभा धागा लांबीतून धावतो. काठ तोंडाशी आणायच्या हौसेपायी मी पिशवीची उंची साडीच्या पन्ह्यातून काढली, म्हणजे भाजीचं सगळं वजन आडव्या धाग्यावर गेलं. एरवी एवढ्याने काही बिघडलं नसतं. ज्या मोडीवर आडवे धागे तुटत आले होते, तिथे मात्र बिघडलं.

वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे टीप मारली नसती तर जरा जास्त टिकली असती?" खरं तर हो.

साड्यांची तपासणी

उरलेल्या तेरा साड्या मग आम्ही एकेक करून गॅलरीच्या दारात उजेडासमोर धरल्या. हे काम मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. एकीने धरायची, दुसरीने खडूने खुणा करायच्या. विरलेलं कापड उजेडात लगेच ओळखू येतं, जाळीसारखं दिसतं. मग दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड ताणायचं, आधी उभं आणि मग आडवं. करकर असा बारीक आवाज आला किंवा धागे सरकून फट दिसली, की तिथे फुली.

नऊवारीत फुल्या कुठे आल्या ते पाहण्यासारखं होतं. काष्ट्याचा भाग आणि बसायची जागा चारही लुगड्यांत गेलेली, बाकीचं कापड धडधाकट. पूर्वी अशा लुगड्याला दंड घालत, म्हणजे झिजलेला मधला पट्टा कापून काढायचा आणि चांगले दोन भाग जोडायचे. एका लुगड्यात तसा दंड निघालाही, हाताने घातलेला, इतका सपाट की उलट्या बाजूने बोट फिरवल्याशिवाय कळला नसता. पाचवारी साड्यांत खांद्याच्या जागी पिनांची भोकं होती आणि खाली फॉलच्या वरच्या कडेला मळकी रेघ. फॉल लावलेली पट्टी मात्र बहुतेक साड्यांत उत्तम टिकलेली.

सगळ्यांत मजबूत निघाल्या त्या सिंथेटिक साड्या. मोठ्या फुलांच्या, पोपटी-गुलाबी, ज्या ट्रंकेतून काढताना वहिनींनी नाक मुरडून बाजूला टाकल्या होत्या. पॉलिस्टर कुजत नाही, कसर त्याच्या वाटेला फारशी जात नाही आणि रेशमासारखं मोडीवर फुटत नाही. किती ताणलं तरी ढिम्म. एक शिफॉन सोडली तर बाकी चारही पिशवीला योग्य. ज्या साड्या आजींच्या आठवणीसाठी निवडल्या होत्या त्या वजन उचलणार नव्हत्या, आणि ज्या बोहारणीला जाणार होत्या त्या पाच किलो सहज उचलणार होत्या. हे पचायला वहिनींना दोन दिवस लागले.

मध्येच नणंदबाईंचा फोन आला. त्या नारायण पेठेत राहतात. जांभळी साडी कापली हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "आईची मंगळागौरीची होती ती" एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. शिवणाऱ्यांसाठी यात एक व्यवहाराची गोष्ट आहे: गेलेल्या माणसाच्या साडीला कात्री लावायची तर घरातल्या सगळ्यांना आधी दाखवा. कुठली कुणाला काय लागते ते बाहेरून कळत नाही. उरलेल्या दोन रेशमींपैकी एक त्या घेऊन गेल्या. दुसरी आम्ही जुन्या मोडी सोडून वेगळ्या घडीत, मलमलीच्या कापडात गुंडाळून परत ठेवली. डांबराच्या गोळ्या काढल्या.

दुसरी पिशवी

नवी पिशवी दुहेरी केली. बाहेरून साडी, आतून जुनी सुती चादर. अस्तराला आधी नवा मांजरपाट आणायचा विचार होता, पण कोरा मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतो आणि बाहेरची साडी आटत नाही. मग पिशवीला सुरकुत्या पडतात. आणायचाच असेल तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावा. घरोघरी जुन्या चादरी पडलेल्या असतात, त्या धुऊन धुऊन आटून बसलेल्या असतात. आम्ही त्याच घेतल्या.

तुकडा ३७ इंच लांब आणि १६ रुंद, लांबी साडीच्या लांबीतून. तळाशी जोड नाही, एकच सलग पट्टा खालून दुमडलेला. तयार पिशवी साधारण १५ इंच उंच, तळ चार इंचांचा. पाचवारी साडीत लांबीला असे पाच तुकडे बसतात आणि ४५ पन्ह्यात दोन, म्हणजे सरळ हिशेबाने दहा. फुल्या टाळून आम्हाला साडीमागे आठ मिळाले. चादरीचा हिशेब जास्त सुखाचा निघाला. ९० बाय १०० ची डबल चादर दहा अस्तरं देते, वर २६ इंचाची पट्टी उरते. तिच्यातून चार इंच रुंद, चोवीस लांब असे बावीस तुकडे निघतात, ते चौपदरी दुमडले की इंचभर रुंदीचे बंद. दहा पिशव्यांना वीस लागतात. चार चादरींत आमचं काम भागलं.

काठ तोंडाशीच हवा हा हट्ट वहिनींनी सोडला नाही, आणि त्या बरोबर होत्या. पिशवी दिसते ती तोंडाशीच. मग इरकलीचा काठ कापून वेगळा केला आणि वरून पट्टीसारखा लावला. काठाने तिथे फक्त मिरवायचं, ओझं खालच्या चादरीने घ्यायचं.

मशीन आजींचंच, काळं, पायाचं. वादी सैल झाली होती, ती इंचभर कापून पुन्हा अडकवली, सगळीकडे तेल घातलं आणि चिंधीवर चालवत राहिलो तोवर काळं तेल गळायचं थांबलं. सिंथेटिकला अकरा नंबरची नवी सुई. जुनी, बोथट सुई त्या कापडात टाके गाळते आणि आपण उगाच दोऱ्याच्या टेन्शनचा स्क्रू पिळत बसतो. कापड घसरून दात्यांत जात होतं, म्हणून खाली वर्तमानपत्राची पट्टी धरून टीप मारली आणि नंतर कागद फाडून काढला. रविवारची पुरवणी संपूर्ण कामी आली. इंचाला आठ-नऊ टाके, त्याहून बारीक नाही. बंद लावताना मात्र सुई सोळाची.

बंदाच्या जागेवर जरा थांबते, कारण घरी शिवलेल्या पिशव्या जास्त करून तिथेच दगा देतात. बंद नुसता तोंडाच्या कडेला अडकवला तर सगळा भार एका टिपेवर येतो. आम्ही बंदाचं टोक तोंडाच्या दुमडीखाली दोन इंच उतरवलं, आतून जुन्या जीन्सचा चौकोन लावला आणि चौकोनी टीप मारून तिच्यात फुली काढली. भार मग दोन इंचांच्या चौकोनात वाटला जातो. पण तिथे जाडी किती होते बघा: चौपदरी बंद, साडीची दुमड, अस्तराची दुमड, वर जीन्स. पहिल्याच दिवशी दोन सुया मोडल्या, एक तुकडा वहिनींच्या चष्म्याला लागून उडाला. तेव्हापासून पायडल सोडून दिलं. त्या जागी उजवीकडचं चाक हाताने फिरवायचं, टाका टाका करत. त्याआधी जाड भागावर फडकं ठेवून खलबत्त्यातल्या बत्त्याने चार ठोके द्यायचे. जीन्सची शिवण ठोकली की चपटी होते आणि सुई मुकाट खाली जाते. खालच्या मजल्यावरून एकदा विचारणा झाली, काय कुटताय म्हणून.

पहिली तयार पिशवी बटाटे भरून, वजन सात किलो करून, खिडकीच्या गजाला रात्रभर टांगली. सकाळी तशीच होती. मग वहिनींनी ती हातात घेऊन तीनदा हिसका दिला, कारण बसमध्ये चढताना पिशवीला हिसकाच बसतो. बंदाजवळ साडीला किंचित सुरकुती, बाकी काही नाही. त्यानंतर आम्ही बाकीच्या शिवायला घेतल्या.

चार सिंथेटिक साड्यांच्या बत्तीस झाल्या, एका इरकलीच्या सहा. अडतीस. एक्कावन्नाला तेरा कमी.

जांभळ्या साडीचं पुढे

त्या नऊ पिशव्या मी बसून उसवल्या. बारीक पंधरा टाके उसवायचे म्हणजे शिक्षाच, ती मलाच व्हायला हवी होती. चांगल्या भागाचे तुकडे वेगळे काढले. एकटं रेशीम आता काही पेलणार नव्हतं, पण गोधडीत जे करतात ते इथेही चालतं. विरलेलं कापड धडक्या कापडावर अंथरायचं आणि धावदोऱ्याने जागोजागी धरून ठेवायचं, म्हणजे ताण खालच्यावर जातो. चादरीच्या तुकड्यावर रेशीम ठेवून, दीड-दीड इंचावर हाताने सुती दोऱ्याचा सैल धावदोरा घातला. इस्त्री वरून मलमल टाकून, कोमट. मग त्याचे नाडीचे बटवे केले. बटव्यात सुपारी, चाव्या, फार तर चष्मा. तेवढं त्याला झेपतं. तेरा बटवे झाले.

वाण मग दोन प्रकारचं झालं आणि त्यावरून घरात खल. एकीला पिशवी आणि एकीला बटवा, हे बरं दिसेल का? शेवटी आजींच्या वयाच्या, त्यांना ओळखणाऱ्या बायकांना बटवे द्यायचे ठरलं. हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांतल्याच एका आजींनी बटवा उलटसुलट करून पाहिला, वास घेतला, कंबरेला खोचला आणि म्हणाल्या, "छान आहे. पण मला काय भाजी आणायची नसते?" त्यांना पिशवीही दिली. वहिनींना स्वतःसाठी उरली नाही.

बाकीचं थोडक्यात. चार नऊवारींच्या चांगल्या भागातून दोन गोधड्या झाल्या, आणि दंड असलेला तुकडा नातीच्या बाळासाठी दुपटं म्हणून, दंडासकट. दुसऱ्या इरकलीचा मुलीने कुर्ता शिवला. कुर्त्याला भार नसतो पण बसताना पाठीला आणि काखेत ताण येतो, म्हणून तो अंगात ढगळ ठेवला आणि पूर्ण अस्तर लावलं. शिफॉन बोहारणीला दिली. तिने तीवर एक चहाची गाळणी देऊ केली आणि वहिनींनी वाद घातला नाही.

पावसाळ्यापर्यंत दोन पिशव्या परत आल्या. एक इरकलीच्या काठाची होती. जूनमध्ये भिजली आणि लाल काठाचा रंग पांढऱ्या अस्तरावर उतरला. हे माझं दुसरं दुर्लक्ष. लाल काठ कापायच्या आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात पाच मिनिटं दाबून ठेवला असता तर फडक्याने तेव्हाच सांगितलं असतं. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात. आम्ही नंतर बुडवून पाहिला, पाणी पुन्हा लालच झालं. काठ काढून दुसरा लावला.

दुसरी पिशवी नणंदबाईंची. एका बंदाचा चौकोन अस्तरासकट निघून आला होता. मी आधी टीप तपासली, मग जीन्सचा तुकडा, सगळं नीट. काय ठेवलं होतं विचारलं, तर गिरणीतून गव्हाचं पीठ, दहा किलो.

"वन्सं, पाच किलोची पिशवी आहे ती," वहिनी म्हणाल्या.

"मग तसं लिहायचं ना तिच्यावर."

चौकोन मोठा करून, जाड जीन्स लावून बंद परत बसवला. आणि आतल्या बाजूला, तोंडाजवळ, लाल दोऱ्याने उलट्या टाक्यात वहिनींनी लिहिलं: ५ किलो.